कर्लीचे काटे

दत्तप्रसाद कुबलबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. त्याच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे, एवढंच अंतर. पण गडग्यापलीकडचा माणूस म्हणजे आपल्या ओळखीचा माणूस, असं काही नसतं. त्याला छातीचा त्रास होता हे मला तो गेल्यावर समजलं. त्याला कशाची भीती वाटायची, एकटा असताना तो कसला विचार करायचा, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या हातचं मी पुष्कळ जेवलो आहे. तेवढ्यावरूनच लिहितो आहे.

आमच्या तारकर्लीच्या वाचनालयाची दरवर्षी एक लहानशी स्मरणिका निघते. त्यात वर्षभरात गेलेल्या माणसांवर थोडं थोडं लिहिलेलं असतं. दत्तप्रसादवर कोणी लिहायचं असा प्रश्न निघाला तेव्हा कमिटीतली माणसं चहाचे कप बघत बसली, असं कानावर आलं. मग जितेंद्र मास्तर स्वतःच माझ्याकडं आले.

"भाई, तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "मास्तर, मी जन्मभर बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजून दिल्या. मला कुठलं लिहायला येतं?"

"येत नाही म्हणूनच सांगतोय. सजवून लिहिणारे कमिटीत दोघं आहेत."

आमची तुळसा आतून ऐकत होती. ती म्हणाली, "लिवा. पण माजा नाव घालू नकात." तिला वगळून ही हकीकत सांगता येत नाही, म्हणून नाव घातलं आहे. स्मरणिका ती वाचत नाही.

दत्तप्रसाद घरीच जेवणघर चालवायचा. पडवीत चार टेबलं, वर पत्रे, बाजूला माड. पर्यटक समुद्रावरून ओल्या कपड्यांनीच यायचे आणि तो त्यांना आधी टॉवेल देऊन मग ताट द्यायचा. बारीक चणीचा, सावळा, डोक्यावर केस कमी. बोलणं मिस्कील. कोणी विचारलं, "मासे ताजे आहेत ना?" तर म्हणायचा, "इचारून बघा तेंका, अजून बोलतत."

तो डावरा होता. हे आमच्या गावात सांगावं लागत नाही, पण स्मरणिका बाहेरही जाते म्हणून सांगतो. लहानपणापासून गावात त्याला 'डावरो' म्हणत. देवळाच्या पंगतीत तो डाव्या हातानं जेवायला लागला की शेजारचा पाट सरकवून बसायचा. म्हणून तो नेहमी पंगतीच्या टोकाला बसायचा, म्हणजे एकाच बाजूचा पाट सरकेल. जेवणघर काढल्यावर त्यानं वाढायची सवय उजव्या हाताची केली. गिऱ्हाइकांसमोर सगळं उजव्या हातानं. चूल, सुरी आणि स्वतःचं जेवण मात्र डाव्याच हातानं.

मास्तर मूळचे वैभववाडीकडचे. मालवणच्या एका हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक होते. तरुणपणी बदलून आले आणि दत्तप्रसादच्या घरात मागची खोली भाड्यानं घेतली. नंतर दत्तप्रसादची आई वारली, मास्तर निवृत्त झाले, मागच्या खोलीत तांदळाची पिंपं आली, आणि तरीही गावात त्यांना 'दत्ताचो भाडेकरू'च म्हणत राहिले. हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा होता. माझ्याही. मी त्यापलीकडं कधी गेलो नाही.

दुपारी शेवटचं गिऱ्हाईक उठलं की ते दोघं कोपऱ्यातल्या टेबलावर जेवायला बसायचे. गडग्यापाशी माझी पांढऱ्या चाफ्याखाली खुर्ची असते, तिथून ते दिसायचं. बाजारात कर्ली मिळाली की दत्तप्रसाद ती घरासाठी राखून ठेवायचा. कर्ली चवीला फार सुरेख, पण काटे केसासारखे आणि असंख्य. पर्यटकांना ती देता येत नाही. दत्तप्रसाद डाव्या हाताच्या बोटांनी मासा उकलायचा, काटे चिमटीनं ओढून ताटाच्या कडेला लावायचा आणि सोललेला मासा मास्तरांच्या भातावर ठेवायचा. मास्तर काहीतरी बोलत असायचे, ते न बघताच खायचे.

मी तुळसाला एकदा म्हटलं, "मास्तरांच्या डोळ्यांवर साखर उतरली आहे, म्हणून बिचारा काटे काढून देतो."

तुळसा म्हणाली, "डोळे बरे होते तवाय देय होतो."

ती भाजी निवडत राहिली.

सिनेमावाले आले ते दिवाळीनंतर. मोठ्या गाड्या, छत्र्या, असलं काही नव्हतं. एक जीप, दहाबारा मुलंमुली आणि त्यांची दिग्दर्शिका अक्षया. पस्तिशीची असेल. आजोळ देवगडचं, त्यामुळं तिला मालवणी समजायची, बोलायला लाजायची. पैसे त्यांनी मित्रमंडळींकडून जमवले होते. त्यांना दोन घरं, एक होडी आणि दोन वेळचं जेवण हवं होतं. जेवणासाठी ती दत्तप्रसादकडं आली आणि घर बघून म्हणाली, "काका, घर पण हेच द्या ना."

दत्तप्रसादनं विचारलं, "गोष्ट कसली?"

मी तेव्हा तिथंच होतो. ती जरा थांबली आणि म्हणाली, "दोन पुरुषांची आहे. पन्नाशी उलटलेल्या. एक होडीवाला, एक शिंपी. आधी नुसती मैत्री असते. मग त्यांच्या लक्षात येतं की हे प्रेम आहे. फार उशिरा लक्षात येतं."

समलिंगी हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचलेला होता. माणूस समोर बसून असं साध्या आवाजात सांगताना पहिल्यांदाच ऐकलं. मला कुठं बघावं समजेना, म्हणून मी माडाकडं बघितलं. मास्तर आतल्या दारात उभे होते, ते आत गेले.

दत्तप्रसाद म्हणाला, "भांडण आसा काय पिक्चरमदी?"

"नाही."

"कोण मरता काय?"

"नाही काका. जेवतात, बोलतात, रुसतात. एवढंच."

"मगे घेवा घर," तो म्हणाला. "फक्त दुपारच्या टायमाक पडवी मोकळी करूची. धंदो आसा."

माझी वेताची खुर्चीही त्यांनी नेली. ती सिनेमात आहे.

होडीवाल्याचं काम करणारा नट पुण्याचा. चांगला माणूस, पण मासे न खाणारा. ही गोष्ट कोणी आधी विचारलीच नव्हती. अक्षया रोज दुपारी दत्तप्रसाद आणि मास्तरांचं जेवण बघत असायची. एक दिवस तिनं तोच प्रसंग सिनेमात घातला. होडीवाला शिंप्याला काटे काढून देतो. बोलणं काही नाही. नटानं कर्लीला हात लावला आणि त्याच्या तोंडावरचा रंगच गेला. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा ताटावरून उठून माडाच्या मुळाशी गेला.

दत्तप्रसाद पाणी घेऊन त्याच्यामागं गेला. "अवो, तुमी होडयेवाले ना? मगे माशाक भियतास कित्याक? मासो तुमका भियाक होयो."

सगळे हसले, पण काम अडलं. शेवटी अक्षया म्हणाली, "काका, नुसते हात द्याल? चेहरा दिसणार नाही. शर्टाची बाही त्यांची घालू."

दत्तप्रसादनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर म्हणाले, "तोंड दिसणार नाही ना? मग काय हरकत आहे." त्यांना बरंही वाटलं असावं, कारण ते जवळ जाऊन प्रकाश कुठून येतो ते बघत उभे राहिले. चित्रकलेचे शिक्षक ना.

दत्तप्रसाद बसला. बाही घातली. आणि रोज जेवताना करायचा तसं केलं. अक्षयाला एकदाच घ्यावं लागलं. समोर दुसरा नट जेवत होता, तो खरोखरच जेवला. मीही तिथं उभा होतो. माझ्याही काही लक्षात आलं नाही. इतकी वर्षं बघितलेली गोष्ट डोळ्यांना वेगळी दिसत नाही.

चैत्रात अक्षया लॅपटॉप घेऊन पुन्हा आली. सिनेमा जोडून झाला होता. दाखवायला म्हणून तिनं दोघांना बसवलं आणि खुर्ची माझी म्हणून मलाही बोलावलं. सिनेमाबद्दल मला मत देता येणार नाही. संथ होता. पण मला उठावंसं वाटलं नाही. मग ते ताट आलं. ताटावर दोन हात. मासा उकलला, काटे निघाले, भातावर मासा ठेवला गेला.

मास्तर म्हणाले, "थांबव गो जरा."

चित्र थांबलं.

"दत्ता, हात बघ तुजो."

"बगतंय. बरो दिसता काळोसो."

"डावो आसा रे."

दत्तप्रसाद आपल्या हाताकडं असा बघू लागला, जणू कोणीतरी त्याला सदरा उलटा घातला आहेस म्हणून सांगितलं. डाव्या हातानं कर्ली उकलणारा माणूस मालवणपासून देवबागपर्यंत एकच होता, आणि चेहरा झाकला की काम भागलं असं त्याच्यासकट आम्हा सगळ्यांना वाटलं होतं.

"मी वळखलंय म्हणजे अख्खो गाव वळखतलो," मास्तर म्हणाले. "मगे पिक्चर कोणाचो ता सांगूक नको."

अक्षयाचा चेहरा उतरला. "आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. आम्हाला हात म्हणजे हात." मग म्हणाली, "पण एक करता येतं. तेवढं चित्र उलटं करायचं, आरशात दिसतं तसं. डावा हात उजवा दिसेल. मग कोणाला काही कळणार नाही."

"करा," मास्तर म्हणाले.

दत्तप्रसाद म्हणाला, "वायच थांबा."

अक्षयाचा बेत होता की सिनेमा बाहेर कुठंही जायच्या आधी गावात दाखवायचा, कारण गावानं मदत केली. मे महिन्यात, दत्तप्रसादच्याच अंगणात. दत्तप्रसाद त्या बेतावर फार खूश होता. बोलावणी सुरूही केली होती. आता प्रश्न एवढाच राहिला की अंगणात पडद्यावर हात उजवा दिसणार की डावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गडग्यापाशी आला. मी चाफ्याची फुलं वेचत होतो. तो म्हणाला, "भाई, माझ्या बापाशीन माजो हात बांधललो, तुमका म्हायती आसा?"

मला माहीत नव्हतं.

"सुंभान. जेवच्या टायमाक. ह्यो हात पाठीक बांधून उजव्यान जेव म्हणा. रडलंय तर ताट उचलीत. आवशीन चोरून सोडल्यान, तिका पण मार बसलो." तो हसला. "लिवूक शिकलंय उजव्यान. वाडूक पण शिकलंय. सगळा शिकलंय, भाई. आता माजोच हात मी परत बांधू?"

मी म्हटलं, "मास्तरांचं काय म्हणणं?"

"तेचा बरोबर आसा. तो म्हणता, हात तुजो, पण ताट माजा." गडग्यावरचं शेवाळ तो नखानं खरवडत होता. "तेच्या भाचयेचा, नम्रताचा, लगीन ठरलला आसा. तेच्या भयणीन, शर्मिलाताईन, सांगल्यान, तवसर गावात कायेक वंगाळ ऐकूक येवचा नाय असा बग. तो म्हणता, मी थय जातंय, पिक्चर होयसर हय रवचंय नाय. आणि मगे बगूया."

"मग उलटं करून टाक चित्र. मास्तर राहतील."

"रवतलो. पण मी खंय रवतलंय?" असं म्हणून त्यानं मान हलवली, स्वतःलाच ते वाक्य पटलं नसावं. "तो गेलो तर गेलो असा पण माका म्हणूक येणा नाय, भाई. म्हणूक येणा नाय."

मी त्याला चाफ्याची फुलं दिली, देवाला वाहायला. त्यानं ती डाव्या हातात घेतली, मग उजव्यात घेतली आणि घरात गेला.

त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. भांड्यांचा आवाज दोन दिवस जास्त येत होता असं तुळसा म्हणते. शेवटी मास्तरांनी एवढंच सांगितलं, "तुका जा करूचा आसा ता कर." आणि पिशवीत कपडे, साखरेच्या गोळ्या आणि जादा चष्मा घालून ते वैभववाडीला बहिणीकडं गेले. दत्तप्रसाद त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेला. परत आला आणि अक्षयाला फोन केला. मला ऐकू आलं ते असं, "नाय. आसा तसोच ठेव. होय. डावोच."

मास्तर गेले तेव्हापासून त्यानं कर्ली आणली नाही. दुपारी एकटाच जेवायचा, कधी उभ्या उभ्याच.

सिनेमाच्या दिवशी दोन माडांना पांढरा पडदा बांधला. दिवेलागणीला माणसं जमली. गाव उत्सुक होता. आपली होडी, आपला किनारा, आपली कुत्री पडद्यावर दिसणार. गोष्ट काय आहे हे थोड्यांना माहीत होतं, बाकीच्यांनी विचारलं नव्हतं. पुढच्या रांगेत खुर्च्या होत्या. त्यातली एक दत्तप्रसादनं आपल्या शेजारी मोकळी ठेवली होती. तिच्यावर त्यानं पंचा टाकला होता. दत्तप्रसादचा चुलतभाऊ प्रीतम आला. त्याचा पर्यटकांना समुद्रात नेण्याचा धंदा आहे. तो पंचा उचलून बसायला लागला, तर दत्तप्रसाद म्हणाला, "तू हय नको, प्रीतम. माणूस येतलो आसा."

"कोण?"

"येतलो."

प्रीतम मागं जाऊन बसला.

सुरुवातीला गंमतच झाली. पुण्याचा नट वल्हवायला लागला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "अरे मेल्या, होडी मारतस की ताक घुसळतस?" त्यावर सगळं अंगण हसलं. मग हळूहळू गोष्ट उलगडू लागली. शिंप्यानं होडीवाल्याच्या फाटलेल्या सदऱ्याला ठिगळ लावलं आणि सदरा परत देताना हात सोडला नाही. अंगणातली कुजबुज थांबली. एकदोघी बायका मुलांना घेऊन उठल्या. बाकीचे बसले होते. मी दत्तप्रसादकडं बघितलं नाही. समोर बघत होतो, पण माझं लक्ष त्या पंच्यावर होतं.

मग ताट आलं.

पडद्यावर ते केवढं मोठं दिसत होतं. डाव्या हाताची बोटं, त्यातला तो चिमटीत धरलेला काटा. कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "डावरो." मग दुसऱ्या बाजूनं, "डावरोच तो." मासा भातावर ठेवला गेला. मागं एक खुर्ची पडली. प्रीतम उठला होता.

"ह्याच्यासाठी बोलवलस आमका? घराण्याची लाज काढूक?"

दत्तप्रसाद वळला नाही. मला त्याचा हात दिसत होता, मांडीवर पालथा ठेवलेला.

तेवढ्यात हौसाबाई बोलल्या. हौसाबाई आमच्या वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्यांना नीट दिसत नाही म्हणून त्या अगदी पडद्याजवळ बसल्या होत्या. त्या मोठ्यानं बोलतात, कारण त्यांना ऐकूही कमी येतं.

"रे प्रीतम, खाली बस. माका दिसूचा नाय." मग पडद्याकडं बोट करून शेजारणीला म्हणाल्या, "बग गो. काटे काढून देता. माझ्या घोवाचो संसार केलंय जल्मभर. तेणां एक काटो कदी काढून दिल्यान नाय. उलट माझ्या ताटातली तुकडी उचली!"

आधी कोण हसलं ते माहीत नाही. बायकांच्या बाजूनं हसू आलं असावं. तुळसा हसली, ते मला नक्की ऐकू आलं. "आमच्याकडे पण तीच तऱ्हा गो," कोणीतरी म्हणालं, आणि मग बरीच माणसं हसली. प्रीतम उभाच राहिला, पण आता त्याला ओरडायला जागा राहिली नव्हती. तो निघून गेला.

त्या हसण्यातच आमच्या शेजारच्या बाबूचा आवाज आला. बाबू रापणीचं जाळं ओढायला जातो, त्याचा आवाज समुद्रावरचा. "अवो मास्तर! थय उभे कित्याक? मसणात इल्यासारखे. बसा मा."

मी वळून बघितलं. मास्तर फाटकात उभे होते, हातात पिशवी. कधीपासून उभे होते कोणास ठाऊक. संध्याकाळच्या गाडीनं कुडाळला उतरून, मिळेल त्या वाहनानं आले असावेत. सगळ्या अंगणानं माना वळवल्या. इथून परत जायलाही त्यांना सगळ्यांसमोरूनच जावं लागलं असतं आणि पुढं यायलाही. मास्तर चष्मा पुसत राहिले. मग पुढं आले. खुर्च्यांच्या पायांना अडखळत, "जरा, जरा" म्हणत, अगदी पहिल्या रांगेपर्यंत. दत्तप्रसादनं पंचा उचलला. ते बसले.

मी त्यांच्या मागंच होतो. कान लावून ऐकलं असं नाही, पण ऐकू आलं.

दत्तप्रसाद म्हणाला, "गोळी घेतलस?"

मास्तर म्हणाले, "जेवल्याबगर कशी घेव?"

त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत दोघं पुढं बघत बसले.

सगळं गोड झालं असं लिहिलं तर गावातली माणसं मला हसतील. प्रीतमनं आपले पर्यटक दुसऱ्या जेवणघरात पाठवायला सुरुवात केली. दोनतीन घरांनी येणंजाणं बंद केलं. कुबलांच्या घराण्याच्या गणपतीला दत्तप्रसादला निरोप आला की तू ये, मास्तरांना आणू नको; तो गेला नाही. ते दोघं आमच्याकडं आरतीला आले आणि मास्तरांनी गणपतीवर टांगायची फळापानांची माटवी माझ्या डोक्याला लागेल एवढी खाली बांधून दिली. शर्मिलाताईंनी बरेच महिने फोन केला नाही. नम्रताचं लग्न मात्र झालं, मोडलं नाही. लग्नात मास्तरांना कोपऱ्यात बसवलं होतं. दत्तप्रसादला बोलावणं नव्हतं. पण नवरा-नवरी पाया पडायला मास्तरांकडं आली तेव्हा नम्रतानं विचारलं, "दत्तामामा नाही आला?" हे सांगताना मास्तरांनी तो प्रश्न दोनदा सांगितला.

आणि 'भाडेकरू' हा शब्द गावातून गेला. त्याच्या जागी कुठला आला ते सांगता येत नाही. काही वाईट शब्द आले, तेही मी ऐकले. पण बहुतेक लोक नुसतं 'दत्ता आणि मास्तर' म्हणायला लागले. पूर्वी दोन नावं अशी एकत्र घेत नसत.

सिनेमा कुठं कुठं दाखवला, अक्षया फोन करून सांगायची. दत्तप्रसाद तिला विचारायचा, "कर्ली बगून लोकांक भूक लागली काय?"

माघ महिन्यात, सकाळी मासे आणायला गेला असताना बाजारातच तो खाली बसला आणि उठला नाही. अग्नी प्रीतमनं दिला. मास्तर मागं उभे होते, डोक्यावर काही नव्हतं. सगळं आटोपल्यावर प्रीतम म्हणाला, "मास्तरांका कोणीतरी रिक्षेत बसवा. ऊन आसा." एवढंच म्हणाला. मी ते लिहून ठेवतो आहे, कारण तेही झालं.

आता मास्तर जेवणघर अर्धवट चालवतात. एक बाई स्वयंपाकाला येतात. कर्ली होत नाही.

दत्तप्रसादशी माझं शेवटचं बोलणं आदल्या दिवशी दुपारी झालं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मी चाफ्याखाली बसलो होतो. तो गडग्यापाशी आला, हातात झाकलेलं ताटलं. सिनेमा झाल्यापासून तो माझ्याशी डाव्या हातानंच देवाणघेवाण करायचा. मीही तसंच घ्यायचो.

"भाई, कर्ली गावली बरी. तळलंय. सांभाळून खावा, काटे आसत."

मी म्हटलं, "आमका कोण काढून देतलो?"

"तुळसावयनी आसा मा."

"ती? ती म्हणतली, आदी माजे काढ."

"मगे काढा," दत्तप्रसाद म्हणाला. "ताटला मगे परत देवा, घाय नाय."